गिरडच्या टेकडीवरचे नारळ

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरड आहे. गावालगतच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला येतात. दर्शन झालं की बहुतेकांची पावलं परतीला लागतात. भटकंतीला निघालेल्यांनी मात्र उतरताना घाई करू नये, नजर जमिनीवर ठेवावी. या टेकडीवर गोल, लांबट, करवंटीसारख्या खरबरीत सालीचे गोटे विखुरलेले असतात आणि त्यांच्यामुळे गिरडचं नाव शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरमध्ये आलं.

लोक सांगतात ती गोष्ट अशी. नारळ आणि इतर माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी फरीद बाबांची टिंगल केली आणि त्यांचा सगळा माल तिथल्या तिथे दगड झाला. व्यापारी पायांवर लोळले, तेव्हा बाबांनी वाळकी पानं आणि लाकडाचे तुकडे घेऊन त्यांना नवा माल करून दिला. मग ते कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच, असं मानतात. सूफी संत बाबा फरीद यांची मुख्य समाधी पाकिस्तानातल्या पंजाबात पाकपट्टणला आहे. गिरडला त्यांनी वास्तव्य केलं, ही इथली श्रद्धा.

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरने ही कथा जशीच्या तशी नोंदवली आणि गोट्यांना ‘झिओलाइटच्या गाठी’ म्हटलं. झिओलाइट हा खनिजांचा एक गट.

या गाठी तयार कशा झाल्या? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत होते. लाव्हा निवताना त्यातले वायू वर यायची धडपड करतात. वरचा भाग लवकर गोठला की ते आतच अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. पुढे गरम पाणी भेगांतून झिरपतं, बेसॉल्टमधला सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं आणि पोकळीत आणून सोडतं. झिओलाइटना तयार व्हायला फार उष्णता लागत नाही, शंभर-दोनशे अंश किंवा त्याहूनही कमी तापमान पुरतं. भोवतालच्या काळ्या दगडाचा नंतर मुरूम होतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि भरलेली पोकळी गोटा होऊन मोकळी पडते. भरलेल्या पोकळीला भूवैज्ञानिक ‘अमिग्डल’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बदाम. व्यापाऱ्याचा नारळ काय किंवा भूवैज्ञानिकाचा बदाम काय, डोळ्यांना आधी आकारच दिसला.

टेकडीवरचा गोटा फोडू नये. पायथ्याच्या नाल्यात किंवा रस्त्याच्या कापात आपोआप फुटलेला तुकडा बहुधा मिळतो, तो उन्हात धरावा आणि दहापट भिंगातून कडेकडून आत पाहत जावं. दख्खनच्या अशा गोट्यांत पुष्कळदा सालीलगत हिरवं पुट असतं. ते सेलाडोनाइट, फ्रेंच भाषेतल्या समुद्रहिरव्या रंगावरून नाव पडलेलं. त्याच्या आत कधी निळसर-करडी, मेणासारखी चकाकणारी कॅल्सेडनी. तिच्यात पट्टे असतील तर तो अकीक. मध्यभागी पांढरे स्फटिक, आणि काही वेळा अजून न भरलेली पोकळी. जे भिंतीला लागून ते आधी साचलं, जे मध्ये ते शेवटी. इतकं ध्यानात ठेवलं तरी पाणी कोणत्या क्रमाने काय घेऊन आलं, ते त्या एका तुकड्यात वाचता येतं.

ओळखीसाठी पहिली कसोटी तळहाताची. झिओलाइट हलकं असतं, बेसॉल्ट जड; सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत घेतले की फरक लगेच कळतो. दुसरी कसोटी चाकूची. गारगोटी आणि कॅल्सेडनीवर चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट त्याच काचेवर ओरखडा काढतात. झिओलाइटवर बहुधा चरा पडतो. कॅल्साइटवर तर तो अगदी सहज पडतो, आणि त्याच्या पुडीवर व्हिनेगरचे थेंब टाकले की बुडबुडे येतात. बारीक सुयांचे झुबके मधोमध एकत्र येत असतील तर स्कोलेसाइट असू शकतं. बांधलेल्या पेंढीसारखा आकार दिसला तर स्टिल्बाइट.

यांतल्या काही नावांमागे प्रयोगशाळेतली आग आहे. स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेटने 1756 मध्ये असा एक दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, कारण त्याच्या स्फटिकात पाणी कोंडलेलं असतं. ग्रीक भाषेतल्या ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या शब्दांवरून त्याने झिओलाइट हे नाव केलं. स्कोलेसाइट तापल्यावर किड्यासारखं वळतं, म्हणून त्याला किड्याचं नाव. दख्खनमध्ये झिओलाइटच्या सोबतीने सापडणारं अपोफिलाइट तापवलं की त्याचे पापुद्रे सुटतात, तेच त्याच्या नावात आलं. झिओलाइटच्याच गटातल्या ह्यूलँडाइटची तऱ्हा निराळी: ते हेन्री ह्यूलँड या खनिजांच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या नावावर आहे. गिरडच्या कथेत व्यापाऱ्याचा माल दगड झाला, इथे व्यापाऱ्याचं नाव दगडाला लागलं.

विदर्भातल्या भटक्याला माहीत असायलाच हवं असं आणखी एक नाव म्हणजे हिस्लोपाइट. स्टीफन हिस्लॉप हे नागपुरात राहिलेले स्कॉटिश मिशनरी. त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म चिकाटीने गोळा केले. नागपूरजवळच्या टाकळीहून मिळालेल्या हिरव्यागार कॅल्साइटला 1859 मध्ये भूवैज्ञानिक सॅम्युएल हॉटन यांनी हिस्लॉप यांचं नाव दिलं. आज ते स्वतंत्र खनिज मानत नाहीत, हिरवं द्रव्य मिसळलेलं कॅल्साइट मानतात. तरीही ते नाव विसरू नये. हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून गेले. टाकळघाट बुटीबोरीजवळच आहे, म्हणजे नागपूरहून गिरडला जाताना थोडीच वाट वाकडी करावी लागते.

नागपूरहून बुटीबोरी, जाम, समुद्रपूर करत गिरडला जाता येतं, किंवा उमरेडच्या बाजूने. उमरेडकडून गेल्यास वाटेत जंगल लागतं आणि या पट्ट्यात वाघांचा वावर आहे. संध्याकाळनंतर आडवाटेने पायी फिरू नये, वनखात्याच्या माणसांना आणि गुराख्यांना विचारूनच आत शिरावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि काळा दगड तव्यासारखा तापतो. दगड उलटायचा तर काठीने; त्याखाली विंचू असू शकतो.

गोटे पिशवीत भरून आणायचे नाहीत, याबाबत तडजोड नको. भारतीय वन अधिनियम 1927 नुसार वनातले खडक आणि खनिजं वनउपज ठरतात, परवानगीविना ती हलवता येत नाहीत. शिवाय दर्ग्याच्या परिसरातला प्रत्येक गोटा भाविकांसाठी बाबांच्या चमत्काराची खूण आहे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीनेही जागेवरून उचललेला दगड निम्मी माहिती गमावतो. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो घ्यावा, वहीत तारीख, जागा आणि गोटा दगडात रुतलेला होता की सुटा, एवढं टिपावं. उत्तम नमुने पाहायचीच हौस असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. तिथे पुणे-नाशिकच्या खाणींतली स्टिल्बाइट, अपोफिलाइट आणि गडद निळं कॅव्हन्साइट काचेआड पाहायला मिळतं. कॅव्हन्साइटचं नाव त्याच्यातल्या कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे.