कॉर्नफ्लॉवरचे बी कोठे धरते?

नावावर जाऊ नका. स्वयंपाकघरातल्या कॉर्नफ्लोअरशी या फुलाचे काही नाते नाही. युरोपात गव्हाच्या शेतांत तण म्हणून उगवणारे हे निळे फूल. तेथे ‘कॉर्न’ म्हणजे धान्य, म्हणून हे नाव.

आपल्याकडे ते थंडीत फुलते. पावसाळा सरला की ऑक्टोबरात भरपूर उन्हाच्या वाफ्यात बी पेरा आणि त्यावर सुमारे १ सेंटिमीटर माती पसरा. याला सोटमूळ असते, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलेले त्याला मानवत नाही. तेव्हा बी जागच्या जागीच पेरावे आणि दाट उगवलेली रोपे विरळ करून वीतभर अंतर ठेवावे. पाणी बेताचेच.

फूल उमलले की भिंगातून नीट पाहा. ते एक फूल नाहीच! झेंडूप्रमाणे तो अनेक फुलांचा गुच्छ आहे. कडेची कर्ण्यासारखी, डोळ्यांत भरणारी निळी फुले वांझ असतात; कीटकांना बोलावणे हेच त्यांचे काम. बी धरते ते मधल्या लहान, जांभळट फुलांत. सगळी फुले फुलदाणीसाठी तोडलीत, तर पुढच्या वर्षी पेरणार काय? चार-दोन झाडावरच पूर्ण वाळू द्या, मग तळहातावर चोळा. टोकाला राठ केसांचा कुंचला असलेले टपोरे बी तेवढे निवडून कागदी पुडीत ठेवा.