प्रवाळांची कीड : ओळख आणि उपाय

छापील सुती कापड आणि हातकागद यांसाठी प्रसिद्ध असलेले जयपूरजवळचे सांगानेर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथे प्रवाळांचे मत्स्यालय उभारायचे झाल्यास शुद्ध पाण्यात विशिष्ट क्षार मिसळून समुद्रच घडवावा लागेल. प्रवाळांच्या किडीविषयीचा पहिला धडा यातच आहे. बंद टाकीत कीड आपोआप उत्पन्न होत नाही. ती नव्या प्रवाळाबरोबर किंवा खडकाबरोबर बाहेरून येते.

भारतात प्रवाळभित्ती घडविणाऱ्या पाषाणप्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून आणलेला लहानसा तुकडाही घरी ठेवता येत नाही. परदेशात मात्र टाकीत वाढविलेले प्रवाळ दुकानांत मिळतात. तेथील छंदिष्टांना किडीची ओळख असणे अगत्याचे ठरते.

सर्वांत परिचित कीड म्हणजे आयप्टेशिया हे तपकिरी, पारदर्शक समुद्रफूल. ते शेजारच्या प्रवाळांना डंख करते. ते कापू किंवा चिरडू नये. उरलेल्या कणांतून नवी फुले उगवतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट लापशी सिरिंजने त्याच्या तोंडात सोडतात, किंवा ते खाणारी पेपरमिंट कोळंबी टाकीत ठेवतात.

ॲक्रोपोरा प्रवाळावर फिकट, गोलसर डाग दिसल्यास चपट्या कृमींचा संशय घ्यावा. माँटीपोरा प्रवाळाच्या कडा पांढऱ्या पडू लागल्यास खालच्या बाजूस काही मिलिमीटर लांबीच्या, कवच नसलेल्या पांढऱ्या गोगलगाई शोधाव्यात. असे अनेक जीव रात्री बाहेर पडतात. म्हणून दिवे मालवल्यानंतर विजेरीने पाहणी करावी. केसाळ कृमी मात्र बहुधा उरलेले अन्न खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात. त्यांना शत्रू समजू नये. पण केस टोचत असल्याने उघड्या हाताने स्पर्शही करू नये.

नवा प्रवाळ प्रथम औषधी द्रावणात बुडवून हलवावा. द्रावणाने प्रौढ कीड गळून पडते, परंतु अंडी वाचतात. ती खरवडून काढावीत, प्रवाळ निराळ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवावा आणि या काळात द्रावणाचा उपचार ठरावीक अंतराने पुन्हा करावा. एकाच उपचारावर विसंबणाऱ्याची फसगत होते.

एक इशारा जिवाशी निगडित आहे. किडीचा नायनाट करण्यासाठी टाकीतील खडक उकळू नयेत. झोॲन्थिड जातीच्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. वाफेतून ते श्वासात गेल्याने घरातील माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हे जीव हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा.

कीड टाकीभर पसरल्यावर तिला हटविण्यास अनेक महिने लागतात. दारातच अडविण्यास काही आठवड्यांचा संयम पुरतो.