भोकाची उलटी बाजू

ॲल्युमिनियमच्या पत्र्यास भोक पाडले की काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु पत्रा उलटून पाहावा. ड्रिल जेथून बाहेर पडते तेथे धातूची तीक्ष्ण कोर उभी राहिलेली दिसेल. कारखान्यात तीस ‘बर’ म्हणतात. ती बोट कापते. शिवाय रिव्हेट मारताना दोन पत्र्यांमध्ये राहिल्यास ते एकमेकांस टेकत नाहीत व जोड ढिला पडतो. नाशिकजवळ ओझर येथे विमाने बांधली जातात. अशा कामात खडबडीत कडेपासून तडा जाण्याचे भय मोठे.

लहान भोकास, त्याहून जाड असे धारदार ड्रिल मुठीत बसवून हातानेच एकदोन वेढे फिरवावे. मोठ्या भोकास आकडीसारख्या फिरत्या पात्याचे हत्यार योग्य. ते दाबू नये, कडेवरून हलकेच गोल न्यावे. कानस वापरणे झाल्यास तीवर आधी खडू घासावा, नाहीतर हा मऊ धातू तिच्या दातांत भरतो. मात्र अति कापू नये. पातळ पत्र्याची कड सुरीसारखी होऊन दुबळी बनते. शेवटी कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकल्यास बर शिल्लक आहे असे समजावे. पत्र्यामागे लाकडी ठोकळा घट्ट धरून धारदार ड्रिल चालविल्यास मुळात बरच थोडी येते.

फोंडाघाट चढून कारखान्यांची वाट धरणाऱ्या मुलांस व त्यांच्या पालकांस आमचे एवढेच सांगणे की, जोडात झाकली जाणारी बाजू कोणी पाहत नाही. पण जोड टिकतो तो तिच्यावरच.