मोगली घरी आलाय, घाबरू नकोस

अगं, आधी ते पुस्तक बाजूला ठेव आणि दोन घोट चहा घे. लेकाला शाळेत ‘जंगल बुक’वर पाच मिनिटं बोलायचंय आणि घाम फुटलाय तुला! एमआयडीसीतली ड्युटी, सासूबाईंची औषधं, रात्रीचा स्वयंपाक आणि त्यात आता हा मोगली. समजतं गं मला सगळं. पण खरं सांगू का, तुला व्याख्यान द्यायचंच नाहीये. त्याला बोलतं करायचंय, आणि ते तुला चांगलं जमतं. बाजारात मासळीवालीला बोलतं करतेस, तिथे पोटच्या पोराचं काय!

पहिलं काम म्हणजे हातात कुठलं पुस्तक आहे ते बघ. रंगीत चित्रांच्या पातळ आवृत्तीत मारामारी तेवढी उरते आणि बोलण्यासारखं सगळं गळून जातं. रत्नागिरीत आपलं जिल्हा नगर वाचनालय आहे, १८२८ सालापासूनचं. शनिवारी लेकाला घेऊन जा आणि मराठीतला जाडसर अनुवाद माग. इंग्रजी माध्यमात असला म्हणून काय झालं, गोष्ट आधी आपल्या भाषेत मनात उतरू दे. आणि त्याला आधीच सांगून ठेव की टीव्हीवरचा किंवा सिनेमातला मोगली वेगळा. डिस्नेच्या १९६७च्या सिनेमात तो ‘का’ नावाचा अजगर दुष्ट दाखवलाय. पुस्तकात तोच मोगलीला सोडवायला येतो. हा एवढा फरक पोराने वर्गात सांगितला तरी पुस्तक वाचलंय हे बाईंना लगेच कळेल.

सगळं पुस्तक एकदम वाचायला घेऊ नकोस, दमशील. तसं ते सुट्या गोष्टींचं पुस्तक आहे, पहिला भाग १८९४चा आणि दुसरा १८९५चा. मोगलीच्या गोष्टी ओळीने वाचल्या की मात्र कादंबरीच होते. रात्री जेवणं उरकली की एकेक तुकडा मोठ्याने वाच. कधी तू वाच, कधी तो वाचेल. मध्ये थांबून ‘समजलं का?’ असं मात्र विचारू नकोस बाई. मुलं ‘हो’ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो.

मग विचारायचं काय? बघ, ज्याची दोन उत्तरं होऊ शकतात असंच विचार. माकडं मोगलीला पळवून नेतात ती गोष्ट घे. बाळू अस्वल आणि बगीरा जिवावर उदार होऊन त्याला सोडवतात. माकडांशी खेळल्याची चूक मोगली मनापासून कबूल करतो आणि तरीही बगीरा त्याला फटके देतोच. विचार लेकाला, ‘सॉरी म्हटल्यावर परत मार कशाला?’ दहा-अकरा वर्षांच्या मुलाला या विषयावर प्रचंड मतं असतात. बगीराचं बरोबर म्हणाला तर तू मोगलीची बाजू घे, मोगलीचं बरोबर म्हणाला तर बगीराची. आणि त्याचं म्हणणं पटलं तर तसं सांग. आईला आपलं पटलं, यासारखं बळ मुलाला दुसरं मिळत नाही.

त्याच गोष्टीतली माकडं बघ ना. लेखकाने त्यांना बेशिस्त, विसराळू, कुठलाही कायदा न पाळणारी ठरवलंय. आता मिरजोळ्यातल्या पोराला माकडं काय पुस्तकात भेटायला हवीत? कैऱ्या, पपया, नारळ, काय म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. तो लेखकाशी शंभर टक्के सहमत होईल बघ. होऊ दे. मग हळूच विचार, की माकडांनी ही गोष्ट सांगितली असती तर? त्यांचं रान तोडलं कोणी, ती घराशी आली का? यात त्याला तुझं मत ऐकवू नकोस. कलमं राखणाऱ्या आजोबांचं म्हणणंही खरं आहे, आणि ते त्याने आजोबांनाच विचारलेलं बरं.

बिबट्याचं तर काय सांगावं! बगीरा म्हणजे बिबट्याच, फक्त काळा. तसा काळा बिबट्या आपल्या कोकणातही अधूनमधून दिसतो. आपल्याकडे बिबट्याला सर्रास वाघ म्हणतात, म्हणून लेकाला नीट सांग, की शेरखान पट्टेरी वाघ आणि बगीरा बिबट्या. कुत्र्याच्या नाही तर कोंबडीच्या मागे धावताना बिबट्या बिनकठड्याच्या विहिरीत पडतो, मग वनखात्याची माणसं पिंजरा सोडून त्याला वर काढतात, या बातम्या तो ऐकतच असतो. त्या पुस्तकाशी जोडून दे. शेरखानला मारणाऱ्याला सरकारकडून शंभर रुपयांचं बक्षीस असतं, आणि त्या लोभाने बलदेव नावाचा शिकारी कातड्यावर हक्क सांगायला येतो. आज १९७२च्या वन्यजीव कायद्याने वाघ-बिबट्या मारणं हा गुन्हा आहे. तेव्हा बक्षीस आणि आता तुरुंग, हे कसं बदललं असेल, एवढं विचारून गप्प बस. पण एक गोष्ट ठणकावून सांग हं. पुस्तकातला बगीरा मित्र आहे, रानातला बिबट्या नाही. संध्याकाळी झाडीकडे एकट्याने जायचं नाही. यात चर्चा नाही!

आता जरा नाजूक भाग. पुस्तकाचा लेखक किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. पण होता राज्यकर्त्या इंग्रजांतला. मोगलीचं शिवनीचं रान नागपूरच्या वर, आपल्या पेंचला लागूनच आहे, आणि या गोष्टी त्याने लिहिल्या अमेरिकेत बसून. त्याच्या गोष्टीत प्राणी शहाणे आणि गावकरी बहुतेक भित्रे, लोभी नाही तर अंधश्रद्धाळू. मला हे खटकतं, आणि लेकालाही खटकू शकतं. ‘आपले लोक असेच दाखवलेत का गं आई?’ असं त्याने विचारलं तर टाळू नकोस. इंग्रजांचं राज्य होतं, आणि लेखकाने आपल्या लोकांकडे वरून पाहिलं, असं सरळ सांग. गावातली मेसुआ तेवढी वेगळी आहे, परक्या पोराला दूध देणारी, लेक म्हणून जवळ घेणारी. पुस्तक आवडणं आणि त्यातलं काही न पटणं, दोन्ही एकदम असू शकतं. मुलांना हे आपल्याआधी समजतं.

रडला तर काय, ही तुझी खरी काळजी, हो ना? पहिल्याच गोष्टीत लांडग्यांची टोळी सोडताना मोगलीच्या डोळ्यांतून पाणी येतं. त्याला वाटतं आपण मरतोय. बगीरा सांगतो, की हे माणसांचे अश्रू आहेत, येऊ देत. पुढे दुसऱ्या भागात दख्खनहून, म्हणजे आपल्याच बाजूने, कोळसुंद्यांची झुंड येते आणि त्या लढाईत म्हातारा लांडगा अकेला मरतो. तिथे मुलं हमखास गप्प होतात. ‘अरे, गोष्टच आहे ती’ असं म्हणू नकोस गं. जवळ बस, पाठीवर हात ठेव, पुढचं पान उद्यावर टाक. आजी गेल्या, शेजारचा कुत्रा गेला, ते पोटात राहिलेलं सगळं अशा वेळी बाहेर येतं. ऐकून घे. भाषणासाठी त्याने हाच प्रसंग निवडला तर निवडू दे.

भाषण मात्र तू लिहून द्यायचं नाहीस, हे मी बजावून सांगते. आवडलेला एक प्रसंग, न पटलेली एक गोष्ट आणि मोगलीने शेवटी कुठे राहायला हवं होतं याबद्दलचं त्याचं मत, एवढ्यात पाच मिनिटं भरतात. मोगलीने शेरखानला म्हशींच्या पायाखाली तुडवून मारलं, तरी गावाने त्याला दगड मारून हाकललं. त्याआधी टोळीनेही त्याला नको म्हटलंच होतं. यावर प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं येतं, आणि जे येईल ते त्याच्या तोंडून त्याच्याच शब्दांत येऊ दे. वाक्यं तुटली तरी चालतील.

याची गोडी लागली तर आठवी-नववीत त्याला व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ दे. वानरांच्या टोळीवरच्या या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथे बाळूसारखं कुणी जंगलाचा कायदा शिकवायला बसत नाही. सत्तेसाठी वानरं एकमेकांच्या जिवावर उठतात, पिल्लांचाही बळी जातो. म्हणून आत्ता नको, आणि देशील तेव्हा तूही सोबत वाच.

चल, ऊठ आता, कुकरची शिट्टी होतेय. आज पहिली दोन-तीन पानंच वाच, जास्त नको. आणि भाषणाच्या आदल्या संध्याकाळी त्याला माझ्याकडे पाठव, मी ऐकते. तेवढ्या वेळात तू जरा पाठ टेक.