खाऱ्या वाऱ्यातली कण्हेर

समुद्रकाठच्या गावी शाळेची बाग करायची म्हटले की पाण्याइतकीच वाऱ्याचीही अडचण असते. लाटा फुटताना उडालेले तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, पानांवर वाळतात आणि मीठ मागे ठेवतात. त्या मिठाने पानांच्या कडा करपतात. मातीत मीठ साचले तर आणखीच पंचाईत. मुळांभोवती पाणी असूनही ते त्यांना सहजी शोषता येत नाही. अशा जागी नाजूक झाडांचा हट्ट धरण्यापेक्षा कण्हेर लावावी.

कण्हेरीचे पान हातात घेऊन पाहा. लांबट, जाड, चामड्यासारखे. एका पेरावर बहुधा तीन पाने. वर मेणचट उपत्वचा आणि तिच्याखाली पेशींच्या एका नव्हे, अनेक थरांची अपित्वचा. पण खरी गंमत पानाच्या पाठीवर आहे. तेथील पर्णरंध्रे उघड्यावर नसतात. ती लहान लहान खळग्यांत, केसांच्या दाट लवेआड दडलेली असतात. खळग्यातली हवा ओलसर आणि स्थिर राहते, म्हणून बाहेर वारा सुटला तरी बाष्पोच्छ्वास बेताचाच होतो. शिक्षकांच्या मदतीने पानाचा पातळ आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात, तर हे खळगे चटकन ओळखता येतील.

लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी अर्धवट जून फांदीचे वीतभर छाट घ्या, खालची पाने काढा आणि छाट ओल्या रेतीत खोचा. काही आठवड्यांत मुळे फुटतात. मग भरपूर उन्हाची जागा निवडून, रेताड मातीत कुजलेले शेणखत मिसळून रोप लावा. पहिले वर्षभर पाणी द्यावे लागते. पुढे झाड बरेचसे स्वतःचे पाहते. मुळाशी पाणी मात्र तुंबू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. कण्हेरीचे पान, फूल, खोड, मूळ, सारेच विषारी असते. तिच्यातील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंपाचे काम रोखते आणि ठोके बिघडतात. वाळलेल्या पानांतही विष टिकते, म्हणून छाटणीचा पाला गुरांपुढे टाकू नये. जाळूही नये, धूरसुद्धा अपायकारक असतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. कुणाच्या पोटात काही गेलेच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला थेट रुग्णालयात न्या आणि झाडाची एक डहाळी सोबत न्या. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही मूळची अमेरिकेतली व वेगळ्या प्रजातीची. पण विषाच्या बाबतीत तीही तशीच, तिच्या बिया तर विशेष घातक. माझ्या मते बालवर्गाच्या अंगणाजवळ दोन्ही नकोत. समुद्राकडच्या कुंपणालगतची जागा कण्हेरीला योग्य.

एवढे जहर असूनही कधीतरी तिच्यावर जाडजूड हिरवा सुरवंट सापडेल. पुढच्या भागावर डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतील, तर तो डॅफनिस नेरी या पतंगाचा समजा. तो हीच पाने मजेत खातो. फवारणीची घाई करू नका. झाड पुन्हा पालवते, आणि तुम्हाला कोशात जाण्याआधीची त्याची रंग बदलण्याची तऱ्हा पाहायला मिळेल.