पोटातला जंत छातीतून जातो

गूळ-साखर खाल्ल्याने पोरांना जंत होतात, असे आपल्याकडे अजून घरोघरी मानतात. गोडाचा यात काही दोष नाही. गोल जंताचे अंडे तोंडावाटे पोटात गेले, तरच हा जंत होतो. पण अंड्यातून निघालेली अळी थेट आतड्यात मुक्काम करत नाही. ती आधी शरीरभर फिरून येते. हा फेरा आईबापांनी समजून घ्यावा, कारण पोराच्या एखाद्या खोकल्याचे मूळ त्यात असू शकते.

ताज्या विष्ठेतल्या अंड्याने लागण होत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे राहिले की त्यात अळी तयार होते. मातीचे हात, न धुतलेला मुळा, गाजर, कोथिंबीर यांतून ते पोटात जाते. लहान आतड्यात अळी बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि यकृतात जाते. तिथून हृदयामार्गे फुप्फुसात. तिथे दहा ते चौदा दिवस वाढून ती हवेच्या पिशव्यांत घुसते, श्वासनलिकेतून घशापर्यंत चढते आणि नकळत पुन्हा गिळली जाते. या दुसऱ्या खेपेला आतड्यात पोहोचली की तिचा मोठा जंत होतो. अंडे गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. मग मात्र ती दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. १९२२ साली कोइनो या जपानी डॉक्टरांनी जंताची २००० अंडी स्वतः गिळली आणि पुढे त्यांच्याच थुंकीत अळ्या सापडल्या. माणसातली ही वाट अशी सिद्ध झाली.

अळ्या फुप्फुसात असताना काही मुलांना कोरडा खोकला, छातीत घरघर, बारीक ताप येतो. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात. या दिवसांत शौचाच्या तपासणीत अंडी दिसत नाहीत, कारण अंडी घालणारी मादी अजून तयारच झालेली नसते. म्हणून ‘रिपोर्ट चांगला आला’ एवढ्यावर थांबू नका. मूल मातीत खेळते, माती खाते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जंताची गोळी मुख्यतः आतड्यातल्या जंतांवर काम करते, तेव्हा खोकल्यावरचे औषध म्हणून ती परस्पर देऊ नका. ती केव्हा द्यायची ते डॉक्टर ठरवतील. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर क्षयाची तपासणी टाळू नका.

आता माझ्या काळजीची गोष्ट. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबे फेब्रुवारीत कारखान्यांच्या फडावर असतात. पोरे कोपीत राहतात, शौचालय बहुतेक ठिकाणी नसते, पायाखाली ओली माती. ज्यांना गोळीची गरज सर्वांत जास्त, त्यांचीच नावे गावच्या पटावर राहतात आणि गोळी चुकते. अशा आईबापांनी फडाजवळच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जाऊन गोळी मागावी. शाळेत नाव नसलेल्या मुलांनाही ती मिळते. मुकादमांनी टोळीतल्या मुलांची यादी आशाताईंकडे आधीच दिली, तर मोठे काम होईल.

एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, मोठ्यांना पूर्ण ४०० मिलिग्रॅमची गोळी. लहानग्यांना चुरून पाण्यातून द्या, मोठ्यांनी चावून खावी. मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्या. गोळी घेतली तरी माती तीच असेल तर लागण पुन्हा होते, म्हणून बाळाची शीसुद्धा उघड्यावर टाकू नका. ती शौचालयात टाका, नसेल तर खोल पुरा.

पोट फुगले, राहून राहून कळ येते, उलट्या थांबत नाहीत, शौच आणि वारा बंद झाला, तर जंतांच्या गुंत्याने आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी घरी गोळी देऊ नका, त्याच रात्री ग्रामीण रुग्णालय गाठा.