घड्याळ आले नाही, आधार मात्र गेले

सुट्टीत घरी गेलो की मी घरातला 'कॉम्प्युटरवाला' असतो. वीजबिल भरणे, रेल्वेचे तिकीट काढणे, आजोबांच्या फोनमधले फोटो लावून ठेवणे ही सगळी कामे माझ्याकडे. आमचे मूळ गाव निपाणी. बाबा तंबाखू खरेदीच्या कामात आहेत, म्हणून चार वर्षांपासून आम्ही म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुरला राहतो. सिडिलु मल्लिकार्जुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे लहानसे गाव आहे. इथे कुरिअरवाला पत्ता वाचत नाही. तो किराणा दुकानात नाव विचारतो आणि दुकानदार आमच्या घराकडे बोट दाखवतो.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गेल्या दिवाळीत त्यांची पंचाहत्तरी होती. त्यांच्या मनगटावर अजूनही चावीचे जुने एचएमटी घड्याळ असते. त्यांना चांगले स्विस घड्याळ द्यावे असे बाबांच्या आणि काकांच्या मनात आले. शोधायचे काम अर्थात माझ्याकडे आले. परदेशातील एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावर तेच घड्याळ बरेच स्वस्त दिसले. बाबांच्या कार्डावरून पैसे भरले. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा संदेश आला, "भारतीय कस्टमसाठी ज्यांच्या नावे पार्सल आहे त्यांच्या आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा." मी कोणालाही न विचारता आजोबांच्या आधारचे फोटो काढले आणि पाठवून दिले. सगळे मिळून दोन मिनिटे लागली.

नऊ दिवसांनी आजोबांना फोन आला. बोलणारा स्वतःला दिल्ली विमानतळावरचा कस्टम अधिकारी म्हणवत होता. त्याला आजोबांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता, घड्याळाचे मॉडेल, सगळे पाठ होते. "तुमच्या पार्सलमध्ये बेकायदा वस्तू सापडली आहे. एका तासात दंड भरा, नाहीतर अटक होईल," असे तो म्हणाला. आजोबांचा आवाज कापलेला मी त्या दिवशी प्रथमच ऐकला. पण फौजेतली सवय कामी आली. ते म्हणाले, "साहेब, लेखी आदेश पाठवा. क्रमांक आणि तारीख घालून." पलीकडून फोन बंद झाला.

घड्याळ आजतागायत आलेले नाही. पैशांची तक्रार बँकेकडे चालू आहे, ते कदाचित परत मिळतील. पण आजोबांच्या आधारचा फोटो परत बोलावता येत नाही. चूक माझी होती. म्हणून शाळेत परतल्यावर मी या विषयाचा अभ्यास केला. त्यातून जे समजले ते माझ्या सोबत्यांसाठी आणि पालकांसाठी इथे देत आहे.

माहितीचे दोन प्रकार

पहिला प्रकार बदलता येणाऱ्या माहितीचा. कार्डाचा क्रमांक, पासवर्ड, ईमेल, गरज पडली तर मोबाइल क्रमांकसुद्धा बदलता येतो. दुसरा प्रकार न बदलणाऱ्या माहितीचा. जन्मतारीख, आधार आणि पॅन क्रमांक, चेहरा, बोटांचे ठसे हे जन्मभर तेच राहतात. आपण नेमके उलटे वागतो. कार्डाचा क्रमांक जिवापाड जपतो आणि आधारची झेरॉक्स मागेल त्याला देतो. कार्ड हरवले तर बँक नवे देते. आधार चुकीच्या हाती पडले तर ती काळजी वर्षानुवर्षे राहते.

महागड्या वस्तूच का?

महाग वस्तू घेणाऱ्यांची यादी म्हणजे चोराच्या दृष्टीने श्रीमंत घरांचा नकाशाच. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०२५ मध्ये लुई व्हितॉन, कार्टिए आणि गुची या ब्रँडची मालक कंपनी केरिंग, या सर्वांच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर झाले. एकट्या हाँगकाँगमध्ये लुई व्हितॉनच्या सुमारे ४,१९,००० ग्राहकांची माहिती होती. केरिंगच्या बाबतीत कार्डाचे तपशील गेले नाहीत, पण नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि कोणत्या ग्राहकाने एकूण किती रुपयांची खरेदी केली हे चोरांना कळले. म्हणजे विक्रेता खरा असला तरी आपण दिलेली माहिती त्याच्याकडे सुरक्षित राहीलच असे नाही. जे दिलेच नाही, तेवढेच चोरीला जात नाही.

आपल्या सरकारनेही हा धोका ओळखला आहे. २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲपवर बंदी आली. त्यांत शीन आणि क्लब फॅक्टरी ही खरेदीची ॲप होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेसवरही बंदी आली. भारतीयांची माहिती देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाते, हा ५९ ॲपवरील बंदीच्या वेळी सांगितलेल्या कारणांपैकी एक मुद्दा होता.

कायदा काय सांगतो?

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला. परदेशातील विक्रेता भारतातील लोकांना वस्तू विकत असेल तर त्यालाही हा कायदा लागू होतो. माहिती कशासाठी घेत आहोत हे सांगूनच ती घ्यायची, आणि १८ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय वापरायची नाही, ही त्यातील मुख्य तत्त्वे आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. शिवाय परदेशात बसलेल्या लबाडाला पकडणे सोपे नाही. म्हणून पहिला पहारा आपलाच.

गेटवरचे तीन प्रश्न

आमच्या शाळेच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारले जाते: कोण? कोणाकडे? कशासाठी? उत्तर पटले तरच आत सोडतात. आपली माहिती बाहेर जातानाही हेच तीन प्रश्न विचारायचे.

१) कोण मागत आहे? कुरिअरने परदेशातून येणाऱ्या मालासाठी ओळखीचा पुरावा लागतो, हे खरे आहे. पण तो पुरावा माल सोडवणारी कुरिअर कंपनी घेते. तो विक्रेत्याला द्यायचा नसतो. पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक मिळाल्यावर कंपनीचे संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडावे आणि तिथेच कागद द्यावा. संदेशात आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये. माझी चूक नेमकी इथेच झाली.

२) माहिती कोणाकडे जाणार? ज्या संकेतस्थळावर कंपनीचा पत्ता, फोन आणि परतीचे नियम नाहीत तिथे खरेदी करू नये. कार्डाचे तपशील तिथे साठवून ठेवू नयेत. अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही पैसे कापले जातात. म्हणून बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर एरवी बंद ठेवावा, खरेदीपुरता चालू करावा आणि रकमेची मर्यादा घालावी.

३) कशासाठी हवी? पार्सल पोहोचायला नाव, पत्ता आणि फोन पुरेसे आहेत. घड्याळ विकणाऱ्याला जन्मतारीख कशाला? खरेदीसाठी वेगळा ईमेल ठेवावा. आधार द्यावेच लागले आणि चालत असेल तर पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे. झेरॉक्सवर काम आणि तारीख लिहावी. "पार्सलवर गिफ्ट लिहितो, ड्युटी वाचेल," असे विक्रेता म्हणाला तर तिथेच व्यवहार थांबवावा. कस्टमला खोटे सांगायला तयार असणारा आपल्याशी खरे बोलेल कशावरून?

पार्सल आल्यावर खोक्यावरचे लेबल फाडून मगच खोके टाकावे. नाव, फोन आणि पत्ता त्यावर उघडा छापलेला असतो.

तरीही चूक झाली तर

कस्टमचा खरा अधिकारी खासगी खात्यात पैसे मागत नाही. अप्रत्यक्ष कर मंडळाच्या पत्रांवर ८ नोव्हेंबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो. तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आजोबांनी 'क्रमांक घालून पत्र द्या' म्हटले, ते अंदाजाने असले तरी अगदी बरोबर होते.

पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावे. चूक आपली नसेल आणि बाहेरच्या कोणाच्या तरी चोरीमुळे पैसे गेले असतील, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. आपणच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी. आधार बाहेर गेले असेल तर आधारच्या ॲपमध्ये बोटांचे ठसे लॉक करता येतात. आम्ही आजोबांचे त्याच संध्याकाळी केले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरी सांगावे. फोन बंद झाल्यावर मी अर्धा तास गप्प बसलो होतो. फोटो मी पाठवले, हे सांगायचा धीर होत नव्हता. शेवटी सांगितले. आजोबा रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "पहाऱ्यावर डुलकी लागली, तर ती लपवणारा जास्त धोक्याचा."

परत निघालो त्या सकाळी त्यांनी त्याच जुन्या घड्याळाला चावी दिली, वेळ पाहिली आणि मला बसस्टँडवर सोडायला आले.